एम्बेडेड कर्नल शिकण्यासाठी बोर्ड कसा निवडावा

बोर्ड घ्यायचा म्हटलं की नजर आधी मेगाहर्ट्झवर आणि रॅमवर जाते. एम्बेडेड कर्नल, म्हणजे छोट्या उपकरणातल्या चिपवर कामं (टास्क) आळीपाळीने चालवणारा गाभ्याचा प्रोग्राम, शिकायचा असेल तर हे दोन आकडे सगळ्यात शेवटी बघा. प्राधान्यानुसार टास्क बदलणारा, सेमाफोर (टास्कमधला ताळमेळ राखणारी खूण) आणि मेसेज क्यू (निरोपांची रांग) असलेला छोटा कर्नल १० केबी फ्लॅशमध्ये बसतो. रॅम जाते ती मुख्यतः टास्कच्या स्टॅकमध्ये, म्हणजे प्रत्येक टास्कच्या तात्पुरत्या नोंदींच्या जागेत. प्रत्येकी १ केबी धरली तरी दहा टास्कना १० केबी झाली, आणि एवढी जागा आजचा जवळजवळ कुठलाही शिकाऊ बोर्ड देतो.

फरक पडतो तो तीन गोष्टींनी. कर्नल अडकला की प्रोसेसर थांबवून आत डोकावता येतं का? चिपच्या प्रत्येक रजिस्टरचं (आतल्या छोट्या नोंदजागेचं) वर्णन करणारं मॅन्युअल कोणालाही, करारावर सही न करता, उतरवून घेता येतं का? आणि जो भाग शिकायचाय त्याचं हार्डवेअर त्या चिपमध्ये आहे का? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर नकारार्थी असेल तर बोर्ड कितीही वेगवान असो, सोडून द्या. नुसता एलईडी लुकलुकवायला तयार लायब्ररी पुरते. टास्क बदलताना एखादं रजिस्टर चुकीचं परत आलं, तर मात्र ते शोधायला डीबगर (प्रोसेसर थांबवून आत बघायचं साधन) आणि मॅन्युअल यांशिवाय मार्ग नाही.

आधी विषय ठरवा, मग चिप

टास्क कसे बदलतात, इंटरप्ट (हार्डवेअरने मध्येच दिलेली हाक) कधी अडवायचे, कमी प्राधान्याच्या टास्कने लॉक धरून ठेवला की वरचा टास्क कसा खोळंबतो, एवढंच बघायचं असेल तर कुठलाही कॉर्टेक्स-एम (आर्मचा छोट्या चिपांसाठीचा कोअर) चालेल. एका टास्कने दुसऱ्याची मेमरी बिघडवू नये अशी व्यवस्था करायची असेल तर एमपीयू (मेमरीचं संरक्षण करणारा भाग) हवा. प्रत्येक प्रोसेसला स्वतःची पत्त्यांची जागा द्यायची, पेज टेबल (कुठला पत्ता खऱ्या मेमरीत कुठे, याची यादी) बांधायची, पेज फॉल्ट हाताळायचा, तर एमएमयू (पत्त्यांचं भाषांतर करणारा भाग) लागतो. म्हणजे कॉर्टेक्स-ए (आर्मचा मोठा कोअर), किंवा सुपरवायझर मोड असलेला ६४ बिटी रिस्क-फाइव्ह (आर्मखेरीजचं, खुलं आर्किटेक्चर). स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत फिरत वाट बघायला लावणारा लॉक) आणि दोन कोअरमधली चढाओढ बघायची तर अर्थातच किमान दोन कोअर.

हे चारही एकाच बोर्डात मिळतं म्हणून चार कोअरचा मोठा बोर्ड पहिलाच घेऊ नका. त्यावर पहिला टास्क बदलण्याआधी बूटची साखळी, एक्सेप्शन लेव्हल (प्रोसेसरच्या अधिकारांच्या पातळ्या), कॅशे, पेज टेबल आणि झोपवून ठेवलेले बाकीचे कोअर हे सगळं समजून घ्यावं लागतं. कॉर्टेक्स-एमवर मात्र वेक्टर टेबलमधले (रिसेट आणि इंटरप्टच्या वेळी कुठे जायचं त्या पत्त्यांच्या यादीतले) पहिले दोन शब्द, म्हणजे स्टॅकचा पत्ता आणि रिसेट हँडलरचा पत्ता, बरोबर असले की तुमचा सी कोड चालू झाला.

पहिला बोर्ड म्हणजे क्यूईएमयू

काहीही मागवण्याआधी क्यूईएमयू या एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावरच बोर्डाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, सुरुवात करा. कॉर्टेक्स-एम३ साठी एमपीएस२-एएन३८५, एम४ साठी एमपीएस२-एएन३८६, आणि एसटीएम३२ कुटुंबाच्या जवळ जायचं असेल तर नेटड्युइनोप्लस२ ही मशीन घ्या. रिस्क-फाइव्ह आणि ६४ बिटी आर्मसाठी 'व्हर्ट' मशीन आहे. सुरुवातीलाच थांबून जीडीबी या डीबगरची वाट बघायला लावता येतं, त्यासाठी ठरलेला पोर्ट १२३४. रिसेटच्या पहिल्या सूचनेपासून एकेक पाऊल टाकत जाणं इथे जितकं सोपं आहे तितकं कुठेच नाही.

पण क्यूईएमयूवर चाललेला कर्नल बोर्डावर चालेलच असं नाही, आणि का चालत नाही ते आधीच माहीत असलेलं बरं. एम्युलेटरची रॅम सुरुवातीला शून्यांनी भरलेली असते. त्यामुळे बीएसएस (शून्यापासून सुरू व्हायच्या व्हेरिएबलची जागा) पुसायला विसरलात तरी सगळं सुरळीत दिसतं. खऱ्या एसरॅममध्ये वीज आल्यावर कचरा असतो, आणि तोच तुमच्या 'रेडी लिस्ट'चा (चालायला तयार टास्कच्या यादीचा) पहिला पॉइंटर होऊन बसतो. एसटीएम३२ वर प्रत्येक पेरिफेरलचा (चिपमधल्या टायमर, सीरियल पोर्ट अशा जोडभागाचा) क्लॉक आरसीसी या क्लॉक-नियंत्रकातून आधी चालू करावा लागतो. तो न करता यूएआरटीच्या (सीरियल पोर्टच्या) रजिस्टरमध्ये लिहिलं तर ते लिखाण नुसतं विरून जातं, एरर येत नाही. एम्युलेटर क्लॉकबद्दल विचारतच नाही. बॉड रेट चुकला तरी तिथे अक्षरं नीट उमटतात. कॅशे नसते, आणि सूचनेला किती वेळ लागला हा आकडा निरर्थक असतो. म्हणून शेड्युलरचं तर्कशास्त्र, लिस्ट, क्यू आणि टेस्ट क्यूईएमयूवर करा. वेळेचं मोजमाप, डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणारा भाग), झोपेचे मोड आणि कॅशे यांसाठी बोर्ड लागतोच.

कॉर्टेक्स-एमचे बोर्ड

आमची पहिली पसंती न्यूक्लिओ-एफ४४६आरई. कॉर्टेक्स-एम४, एफपीयू (दशांश आकड्यांचं गणित करणारा भाग), आठ रिजनचा (मेमरीच्या विभागांचा) एमपीयू, ५१२ केबी फ्लॅश, १२८ केबी एसरॅम, कमाल १८० मेगाहर्ट्झ. एसटी-लिंक डीबगर बोर्डावरच असतो आणि त्याच यूएसबी केबलमधून सीरियल पोर्टही मिळतो, जो यूएसएआरटी२ ला, म्हणजे पीए२ आणि पीए३ या पिनांना, आधीच जोडलेला असतो. एलईडी पीए५ वर, बटण पीसी१३ वर. एका केबलमध्ये वीज, डीबग आणि सीरियल, तेव्हा टेबलावर दुसरं काही लागत नाही. संदर्भ मॅन्युअल आरएम०३९०, आणि कोअरसाठी पीएम०२१४. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही लागतात. पहिल्यात पेरिफेरल आहेत; सिसटिक (कर्नलला ठोके देणारा टायमर), एनव्हीआयसी (इंटरप्ट कंट्रोलर) आणि एमपीयू दुसऱ्यात.

या बोर्डावर दोन ठिकाणी अडकायला होतं. ८ मेगाहर्ट्झचा बाहेरचा क्लॉक क्रिस्टलमधून येत नाही, तो एसटी-लिंककडून येतो. त्यामुळे एचएसई (हा बाहेरचा क्लॉक) चालू करताना बायपास मोड लावावा लागतो. न लावल्यास 'रेडी' बिटची वाट बघणारा लूप कधी संपत नाही. दुसरं, वेग वाढवण्याआधी फ्लॅशचे वेट स्टेट (वाचताना थांबायचे ठोके) वाढवायचे, नंतर नाही. पूर्ण वेगाला ३.३ व्होल्टवर ५ वेट स्टेट लागतात, आणि १६८ मेगाहर्ट्झच्या वर जायचं तर ओव्हरड्राइव्हही. क्रम उलटा झाला की फ्लॅशमधून चुकीच्या सूचना वाचल्या जातात आणि हार्डफॉल्ट (प्रोसेसरने दिलेली गंभीर चुकीची सूचना) दर वेळी वेगळ्या जागी येतो. लोक दोन दिवस कर्नलमध्ये चूक शोधत बसतात, आणि ती असते क्लॉकमध्ये.

यावर सरळ उपाय: सुरुवातीला पीएलएलला, म्हणजे क्लॉकचा वेग वाढवणाऱ्या भागाला, हातच लावू नका. रिसेटनंतर चिप आतल्या १६ मेगाहर्ट्झच्या एचएसआय क्लॉकवर चालते, वेट स्टेट शून्य असतात. १ मिलिसेकंदाच्या टिकसाठी सिसटिकमध्ये १५९९९ टाका आणि कामाला लागा. सिसटिक २४ बिटी आहे, म्हणजे १६ मेगाहर्ट्झला जेमतेम एक सेकंदाचं अंतर मोजता येतं. १८० मेगाहर्ट्झला ते सुमारे ९३ मिलिसेकंदांवर येतं. टिकविरहित (ठराविक ठोक्याशिवाय चालणारा) कर्नल करायचा असेल तेव्हा ही मर्यादा आठवा.

एसटीएम३२एफ४०७ डिस्कव्हरी हाही जुना, भरपूर लिखाण असलेला बोर्ड आहे: १ एमबी फ्लॅश, १९२ केबी रॅम, १६८ मेगाहर्ट्झ. मात्र त्या १९२ पैकी ६४ केबी सीसीएम (थेट प्रोसेसरला जोडलेली रॅम) आहे, हेक्स १००००००० या पत्त्यावर, आणि डीएमए तिथपर्यंत पोहोचू शकत नाही. टास्कचे स्टॅक सीसीएममध्ये ठेवले आणि एखाद्या ड्रायव्हरने बफर स्टॅकवर घेतला, की डीएमए ट्रान्स्फर एरर देऊन थांबतो. पोलिंगवर (प्रोसेसरनेच सतत विचारत राहून) चालणारा तोच ड्रायव्हर मात्र ठणठणीत असतो, म्हणून गोंधळ वाढतो. शिवाय या बोर्डावर सीरियल पोर्ट जोडलेला मिळत नाही; यूएसबी-सीरियल अडॅप्टर वेगळा लावावा लागतो.

मायक्रोबिटची दुसरी आवृत्तीही या कामासाठी चांगली आहे, आणि ती बऱ्याच जणांच्या घरात आधीच पडलेली असते. एनआरएफ५२८३३, ६४ मेगाहर्ट्झचा कॉर्टेक्स-एम४, ५१२ केबी फ्लॅश, १२८ केबी रॅम, आणि डीबगर बोर्डावर. पहिली आवृत्ती कॉर्टेक्स-एम० ची आहे, १६ केबी रॅमची. दोन्हींत गल्लत करू नका.

एम० आणि एम०+ बद्दल थोडं थांबून. स्वस्त आणि साधे असले तरी कर्नल लिहिताना इथे जास्त हात बांधलेले असतात. बेसप्राय रजिस्टर नाही, त्यामुळे 'या पातळीखालचे इंटरप्ट अडव, वरचे येऊ दे' असं करता येत नाही. सगळे बंद किंवा सगळे चालू. एलडीआरईएक्स-एसटीआरईएक्स या सूचना नाहीत, म्हणून अणुरूप (मध्येच तुटू न शकणारी) वाढ-घट इंटरप्ट बंद करूनच. प्राधान्याच्या फक्त चार पातळ्या. मेममॅनेज, बसफॉल्ट, यूसेजफॉल्ट असे वेगळे फॉल्ट नाहीत. काहीही बिघडलं तरी हार्डफॉल्ट, आणि का ते सांगणारं रजिस्टरही नाही. एम० मध्ये वेक्टर टेबल हलवणारं व्हीटीओआरसुद्धा नाही. हे सगळं नसताना कर्नल कसा लिहायचा हा धडा मोलाचा आहे, पण तो दुसरा धडा.

ब्लू पिल म्हणून ओळखला जाणारा एसटीएम३२एफ१०३सी८ चा छोटा बोर्ड टाळलेला बरा. कोअर एम३ असला तरी या चिपमध्ये एमपीयू नाही, रॅम २० केबी, आणि बाजारात नकली चिपांचा सुळसुळाट आहे. ओपनओसीडी या डीबगच्या प्रोग्रामने 'अनपेक्षित आयडीकोड' म्हणत हेक्स २बीए०१४७७ दाखवलं, तर चिप बहुधा दुसऱ्या कोणाची आहे. अस्सल १बीए०१४७७ दाखवते. नकली चिप चालतेही, पण काही बिघडलं की दोष तुमच्या कोडचा की चिपचा, हा प्रश्न मिटत नाही.

एव्हीआर चिपचा आर्डुइनो उनो घरात असेल तर त्यावर एक संध्याकाळ जरूर घालवा. २ केबी रॅममध्ये दोन-तीन टास्क बसतात आणि ३२ रजिस्टर अधिक स्टेटस रजिस्टर हाताने पुश-पॉप करावे लागतात. टास्क बदलणं म्हणजे काय, ते इथे पूर्ण उघडं दिसतं. पुढे त्यावर थांबण्यात अर्थ नाही.

एमपीयू घेताना कोणत्या पिढीचा ते बघा

'एमपीयू आहे' एवढंच वाचून बोर्ड घेऊ नका. एम३, एम४, एम७ मधला एमपीयू आर्मव्ही७-एमचा. त्यात रिजनचा आकार दोनच्या घातात हवा, कमीत कमी ३२ बाइट, आणि सुरुवातीचा पत्ता त्या आकाराच्या पटीत. टास्कला ५ केबी द्यायची तर ८ केबीचा रिजन घेऊन त्याच्या आठ उपरिजनांपैकी तीन बंद करावे लागतात. लिंकर स्क्रिप्टमध्ये (काय मेमरीत कुठे बसवायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) हे अलाइनमेंट पाळलं नाही तर हार्डवेअर तक्रार करत नाही. पत्त्याचे खालचे बिट गाळले जातात आणि संरक्षण भलत्याच जागी लागतं.

एम३३ मधला आर्मव्ही८-एमचा एमपीयू सुटसुटीत आहे. सुरुवात आणि शेवट द्यायचा, दोन्ही ३२ बाइटच्या पटीत, बस. मात्र रिजन एकमेकांवर चढवता येत नाहीत. व्ही७ मधली 'मोठा रिजन सर्वांना, त्यावर छोटा अपवाद' ही युक्ती इथे फॉल्ट देते. जोडीला स्टॅकची मर्यादा तपासणारी पीएसपीलिम आणि एमएसपीलिम ही रजिस्टर मिळतात. टास्क बदलताना पीएसपीलिम बदललं की स्टॅक ओसंडला त्याच क्षणी फॉल्ट येतो. एरवी स्टॅक ओसंडून शेजारच्या टास्कचा कंट्रोल ब्लॉक खातो आणि बिघाड बऱ्याच वेळाने तिसऱ्याच ठिकाणी दिसतो. फक्त याच सोयीसाठी एम३३ घ्यायला हरकत नाही.

दोन कोअर आणि रिस्क-फाइव्ह

रास्पबेरी पाय पिकोमधल्या आरपी२०४० मध्ये दोन एम०+ कोअर आणि २६४ केबी रॅम आहे. एलडीआरईएक्स नसल्यामुळे चिपमध्ये ३२ हार्डवेअर स्पिनलॉक दिलेत. दुसरा कोअर बूट रॉममध्ये झोपलेला असतो. त्याला फिफोमधून (दोन कोअरमधल्या रांगेतून) ०, ०, १, वेक्टर टेबलचा पत्ता, स्टॅकचा पत्ता आणि सुरुवातीचा पत्ता या क्रमाने सहा शब्द द्यायचे, प्रत्येक शब्द तो परत पाठवतो का ते तपासायचं, मगच तो उठतो. एकाही शब्दाला वेगळं उत्तर आलं तर पुन्हा पहिल्यापासून. दोन कोअरचा शेड्युलर शिकायला इतकी लहान, इतकी स्पष्ट चिप दुसरी क्वचितच सापडेल.

पिकोवर डीबगर नसतो. एसडब्ल्यूडी या डीबग जोडणीच्या तीन पिनांना वेगळा प्रोब (डीबगर) लावा. दुसरा पिकोही प्रोबचं काम करतो. ओपनओसीडी ०.१२ किंवा त्यापुढची घ्या. रिसेटचं बटणही नाही, म्हणून ३० क्रमांकाची 'रन' पिन आणि २८ क्रमांकाची ग्राउंड यांच्यामध्ये एक बटण लावून टाका. कर्नल शिकताना ते दिवसातून शंभरदा दाबलं जातं आणि यूएसबी सॉकेट वाचतं. फ्लॅश बाहेरची असल्यामुळे पहिल्या २५६ बाइटमध्ये चेकसमसह दुसऱ्या टप्प्याचा बूट कोड हवा. तो नसेल तर बोर्ड गुपचूप यूएसबी ड्राइव्ह म्हणून उभा राहतो. सुरुवातीला पूर्ण कर्नल रॅममध्येच लोड करून चालवा, ही भानगड टळते.

पिको २ मधला आरपी२३५० त्याहून उजवा: दोन एम३३ किंवा दोन रिस्क-फाइव्ह कोअर, बूटच्या वेळी निवडायचे, ५२० केबी रॅम. एकाच बोर्डावर तोच कर्नल दोन आर्किटेक्चरवर नेण्याचा सराव होतो, आणि कर्नलमधला चिपनिरपेक्ष भाग वेगळा काढायची सवय लागते. चिपच्या ए२ आवृत्तीत ई९ नावाचा दोष आहे: आतला पुल-डाउन लावलेली इनपुट पिन २ व्होल्टच्या आसपास अडकून राहू शकते. त्यावर बाहेरून लहान किमतीचा रेझिस्टर लावा, ८.२ किलोओहम किंवा त्याखालचा.

बाकीच्या रिस्क-फाइव्ह चिपांत इंटरप्ट कंट्रोलर कोणता ते घेण्याआधी वाचा. पुस्तकी क्लिंट आणि प्लिक हे कंट्रोलर सगळीकडे नसतात. जीडी३२व्हीएफ१०३ मध्ये ईक्लिक आहे, ईएसपी३२-सी३ मध्ये कंपनीचा स्वतःचा. क्यूईएमयूच्या 'व्हर्ट' मशीनवर लिहिलेला इंटरप्टचा कोड तिथे जसाच्या तसा चालणार नाही. सी३ मध्ये यूएसबी-जेटॅग डीबगर आतच आहे ही जमेची बाजू. सीएच३२व्ही००३ मध्ये फक्त २ केबी रॅम आणि सोळाच रजिस्टर. टास्क बदलणं झटपट होतं, पण जागा लगेच संपते.

एमएमयूकडे जाताना

इथेही आधी 'व्हर्ट' मशीन. पेज टेबल चुकलं की खऱ्या बोर्डावर नुसता अंधार होतो. एम्युलेटरमध्ये निदान मशीनची स्थिती विचारता येते.

मग रास्पबेरी पाय ३ किंवा ४. पाय ३ साठी क्यूईएमयूमध्ये रास्पी३बी हे मशीन आहे, हा मोठा फायदा. पाय ४ मध्ये जीआयसी-४०० हा प्रमाणित इंटरप्ट कंट्रोलर आहे. पाय ३ मध्ये तो नाही, ब्रॉडकॉमचा स्वतःचा आहे. पेरिफेरलचे पत्तेही वेगळे: ३ वर हेक्स ३एफ०००००० पासून, ४ वर एफई०००००० पासून. एकाचा कोड दुसऱ्यावर टाकून गप्प बसलेली स्क्रीन बघणारे पुष्कळ. ६४ बिटी कर्नलची फाइल 'कर्नल८.आयएमजी' या नावाने, हेक्स ८०००० या पत्त्यासाठी लिंक करून कार्डावर ठेवायची. कॉन्फिग फाइलमध्ये 'एनेबल_यूएआरटी=१' लिहा; नाहीतर मिनी यूएआरटीचा क्लॉक ग्राफिक्स कोअरच्या वेगाबरोबर हलतो आणि सीरियलवर कचरा येतो. कर्नल ईएल२ या एक्सेप्शन लेव्हलमध्ये सुरू होतो. ईएल१ साठी लिहिलेला कोड थेट चालवला तर पहिल्याच एक्सेप्शनला वाट चुकतो. पाय ५ पहिल्या कर्नलसाठी नको: त्याची बहुतेक पेरिफेरल आरपी१ या वेगळ्या चिपमध्ये, पीसीआय एक्स्प्रेसच्या पलीकडे आहेत.

अजून एक खाचखळगा सगळ्या ६४ बिटी आर्मचा: एमएमयू बंद असताना डेटाचा प्रत्येक ॲक्सेस डिव्हाइस मेमरीसारखा मानला जातो आणि अलाइन नसलेला ॲक्सेस फॉल्ट देतो. कंपायलर स्ट्रक्चर कॉपी करताना असे ॲक्सेस आनंदाने तयार करतो. एमएमयू चालू होईपर्यंत 'स्ट्रिक्ट अलाइन'चा पर्याय लावा.

बीगलबोन ब्लॅकचं बलस्थान म्हणजे त्याच्या एएम३३५८ चिपचं सविस्तर, उघड मॅन्युअल. एकच कॉर्टेक्स-ए८, म्हणजे बाकीच्या कोअरची कटकट नाही. यू-बूट हा बूटलोडर टाळून थेट स्वतःचा कोड बूट केलात तर बूट रॉमने सुरू ठेवलेला वॉचडॉग (वेळेत हाक न मिळाल्यास रिसेट करणारा टायमर) आधी बंद करा, नाहीतर बोर्ड थोड्या वेळाने आपोआप रिसेट होत राहील. बोर्ड बंद असताना सीरियल अडॅप्टरकडून किंवा इतर कुठून पिनांवर व्होल्टेज जाऊ देऊ नका. या चिपच्या पिना ते सहन करत नाहीत.

रिस्क-फाइव्हमध्ये व्हिजनफाइव्ह २ घेतला तर हार्ट ० (हार्ट म्हणजे रिस्क-फाइव्हच्या भाषेत कोअर) हा एमएमयू नसलेला छोटा कोअर आहे हे लक्षात ठेवा. 'हार्ट ० वर बूट कर, बाकी झोपव' हा पाठ्यपुस्तकी कोड तिथे उलटा पडतो. सी९०६ या रिस्क-फाइव्ह कोअरच्या बोर्डांवर पेज टेबलच्या वरच्या बिटांत कंपनीने स्वतःचे मेमरी गुणधर्म घातलेत. फर्मवेअरने ते चालू केले असतील आणि तुम्ही ते बिट शून्य ठेवलेत, तर मेमरी कॅशेविना चालते आणि लॉक घेताना कोड कोसळतो.

या वर्गातल्या बोर्डांना एसडी कार्ड काढा-घाला करत बसू नका. सीरियलवरून कर्नल घेणारा छोटा लोडर कार्डावर ठेवा. ११५२०० बॉडला सेकंदाला ११.५ केबी जातात, १ एमबीला दीड मिनिट. ९२१६०० ला तेच ११-१२ सेकंदांत होतं. इथरनेट असेल तर यू-बूटमधून टीएफटीपी, म्हणजे नेटवर्कवरून फाइल आणणं.

बोर्डाशिवाय काय लागतं

३.३ व्होल्टचा यूएसबी-सीरियल अडॅप्टर, एफटी२३२, सीपी२१०२ किंवा सीएच३४० यांपैकी कुठलाही. जम्पर ३.३ वर आहे ना, हे लावण्याआधी मल्टिमीटरने बघा. ५ व्होल्टने रास्पबेरी पायची पिन जळते. तीनच तारा: टीएक्स आरएक्सला, आरएक्स टीएक्सला, ग्राउंड ग्राउंडला. अडॅप्टरची वीजेची तार मोकळी सोडा.

आठ चॅनेलचा, २४ मेगाहर्ट्झने नमुने घेणारा साधा लॉजिक ॲनलायझर (पिना कधी वर-खाली होतात ते नोंदवणारं साधन) पल्सव्ह्यू या प्रोग्रामबरोबर वापरा. प्रत्येक टास्क चालू होताना एक पिन वर, थांबताना खाली, एवढं केलं की शेड्युलरचं पूर्ण वेळापत्रक डोळ्यांसमोर येतं. टिकला उशीर होतोय, इंटरप्ट लांबतोय, हे प्रिंट करून कधीच कळत नाही, कारण प्रिंटच वेळ बिघडवतो. २४ मेगाहर्ट्झचा एक नमुना म्हणजे १६८ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे ७ सायकल. याहून बारीक मोजायचं तर एम३ पासून पुढच्या कोअरमधला डीडब्ल्यूटी या डीबग भागाचा सायकल काउंटर वापरा; एम० मध्ये तो नाही.

केबल डेटाची हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलने बोर्डाचा दिवा लागतो, संगणकाला मात्र काही दिसत नाही.

बोर्ड आल्यावर पहिला तास

कर्नलचा कोड अजून बाजूला ठेवा. ओपनओसीडी सुरू करून ३३३३ वर जीडीबी जोडा, प्रोसेसर थांबवा आणि दोन पत्ते वाचा. हेक्स ई०००ईडी०० वर कोअरची ओळख मिळते. एफ४ मालिकेच्या एम४ वर ४१०एफसी२४१. हेक्स ई०००ईडी९० वर एमपीयूची: ८०० आलं तर आठ रिजन, शून्य आलं तर एमपीयूच नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

मग मुद्दाम फॉल्ट करा. जिथे काहीच नाही अशा पत्त्यावर लिहा आणि ई०००ईडी२८ वरचं फॉल्टचं रजिस्टर बघा. बऱ्याचदा 'इम्प्रिसाइज' बिट दिसेल, कारण लिखाण बफरमध्ये गेलं आणि फॉल्ट येईपर्यंत प्रोसेसर पुढे सरकला होता. दिसणारा पीसी (सूचनेचा पत्ता सांगणारं रजिस्टर) दोषी सूचनेचा नसतो. एम३ आणि एम४ वर ई०००ई००८ मधला १ क्रमांकाचा बिट लावून हा बफर बंद करा, तोच प्रयोग पुन्हा करा, आता नेमकी ओळ सापडेल. कर्नल शिकत असेपर्यंत हा बिट लावूनच ठेवा. वेग थोडा कमी होईल, त्याची फिकीर करू नका.

तिसरं, एफपीयू बंद ठेवून टास्क बदला, मग चालू करून. एक्सेप्शनची चौकट (एक्सेप्शन आला की आपोआप स्टॅकवर जाणारी रजिस्टर) ३२ बाइटवरून १०४ वर जाते, आणि उरलेली रजिस्टर धरून एका टास्कची साठवण ६४ बाइटवरून २०० वर. आधी पुरणारा ५१२ बाइटचा स्टॅक इथे अचानक अपुरा पडू शकतो.

बोर्ड 'मेला' असं वाटतं तेव्हा

बहुतेक वेळा मेलेला नसतो. नेहमीचं कारण: पोर्ट ए चं मोड रजिस्टर पूर्ण लिहून टाकलं आणि पीए१३, पीए१४ या डीबगच्या पिना साध्या पिना झाल्या. फक्त हवे तेच बिट बदला. दुसरं कारण, आयडल टास्कमधला डब्ल्यूएफआय ('इंटरप्ट येईपर्यंत थांब' ही सूचना) किंवा खोल झोप; झोपेतही डीबग चालू ठेवणारे बिट डीबीजीएमसीयू या डीबग भागात आधी लावा. दोन्हींतून सुटका एकच: रिसेट दाबून ठेवून डीबगर जोडणे, म्हणजे 'कनेक्ट अंडर रिसेट'. त्यासाठी प्रोबची एनआरएसटी (रिसेटची) तार जोडलेली हवी. तेही जमलं नाही तर बूट० पिन वर ओढून चिप आतल्या बूटलोडरमध्ये न्या आणि फ्लॅश पुसा. न्यूक्लिओ-६४ वर सीएन७ च्या ५ आणि ७ या पिनांमध्ये जम्पर लावला की झालं.

खरोखर मरण्याचा रस्ता एकच सोपा आहे. एसटीएम३२ च्या ऑप्शन बाइटमध्ये वाचन-संरक्षण पातळी २ लावली तर डीबग कायमचं बंद होतं, परतीचा मार्ग नाही. पातळी १ वरून मागे येता येतं, फ्लॅश पुसली जाते एवढंच. फ्लॅशचा ड्रायव्हर लिहिताना ऑप्शन बाइटच्या रजिस्टरांपासून दूर राहा.

आणि शक्य असेल तर तोच बोर्ड दोन घ्या, वरचं मॉडेल एक घेण्याऐवजी. विचित्र बिघाड दुसऱ्या बोर्डावर तसाच आला तर चूक कोडमध्ये आहे, नाही आला तर तारांत किंवा चिपमध्ये. त्यानंतर त्या चिपचं एराटा (ज्ञात दोषांचं) पत्रक उघडा, आणि चिपच्या पाठीवरच्या आवृत्तीच्या अक्षराशी ताडून बघा. एकाच क्रमांकाच्या दोन चिपांत दोष वेगळे असू शकतात.